पाँपेई : अर्धा दिवस पुरत नाही

मुलं बरोबर असताना पाँपेई, म्हणजे इटलीतलं ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर, अर्ध्या दिवसात उरकेल का, असं एकाने विचारलंय. नाही हो! आम्हीही तसंच ठरवून गेलो आणि दुपारी दोनपर्यंत फोरमच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चौकाच्या, आसपासच घुटमळत होतो. सावली जवळजवळ नाहीच, टोप्या विसरू नका.

खांब-देवळांना मुलं लवकर कंटाळतात. त्यांना खाण्याच्या जागा दाखवा. रस्त्याकडेला दगडी कट्टे दिसतात, त्यांत मोठाले रांजण बसवलेले. ही तेव्हाची खाणावळ. २०२० मध्ये पूर्ण उकरून काढलेल्या अशाच एका दुकानात बदक, बकरी, डुक्कर, मासे आणि गोगलगायींचे अवशेष मिळाले, शिवाय कट्ट्यावर बदकांचं चित्र आहे. धाकटीने "गोगलगाय? खरंच?" असं दिवसभर पिडलं. बेकऱ्यांमध्ये लाव्हाच्या दगडाची धान्य दळायची जाती अजून जागेवर उभी आहेत. इ.स. ७९ च्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात कोळसा झालेले पाव बघायचे तर जवळच्या नेपल्स शहराच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. आठ फोडींच्या खुणा स्पष्ट दिसतात.

रात्री नेपल्समध्ये मारिनारा पिझ्झा खाल्ला: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज नाहीच. गंमत म्हणजे पाँपेईकरांनी टोमॅटो कधी पाहिलाच नव्हता, तो अमेरिका खंडातून फार नंतर आला. त्यांची लाडकी चव म्हणजे गारुम, खारवून मुरवलेल्या माशांचा रस. अमाल्फी किनाऱ्यावरच्या चेतारा गावात त्याच जातकुळीचा 'कोलातुरा' आजही करतात. स्पागेटीवर चमचाभर पुरतो. वास मात्र... नवरा टेबल सोडून बाहेर जाऊन उभा राहिला.