ओबीचा डोंगर परत खदानीत टाकायला लावलाच पाहिजे, तुम्हाला काय वाटतं?

वर्धाकाठ
वणी-घुग्गुसकडच्या लोकांना नवीन नाही पण बाकीच्यांसाठी लिहितो. कोळशाची खुली खदान सुरू होते तेव्हा वरची माती, मुरूम, दगड टाकायला आत जागा नसते म्हणून ते सगळं बाहेर जमिनीवर रचतात, त्यालाच आम्ही ओबीचा (ओव्हरबर्डनचा) डोंगर म्हणतो. पुढे कोळसा निघालेल्या भागात आतल्या आत भरत जातात, पण खदान संपली की शेवटचा खड्डाही तसाच आणि बाहेरचा डोंगरही तसाच. माझं म्हणणं, तो डोंगर खड्ड्यात जावा, वर काळी माती पसरावी आणि जमीन गावाला कसायला मिळावी. आमच्या शेताला लागूनच असा डोंगर आहे. पावसाळ्यात त्याच्यावरून राखाडी गाळ उतरतो, पिकाच्या तासांमध्ये बसतो, उघडीप पडली की त्याची कडक पापडी होते आणि खालचं सोयाबीन वर येतच नाही. अर्ज केला की पंचनामा होतो, बस्स. आणि पैसा नाही म्हणू नका, २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीला बंद करण्याचा आराखडा लागतो आणि त्यासाठीचा पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, टाकावा लागतो. २००९ मध्ये खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख ठरले होते, तो दर पुढे वाढत गेला.

शिफ्ट_इनचार्ज
भाऊ, नुकसान खरं आहे पण हिशोब मांडून बघा. १ हेक्टर खड्डा ५० मीटर खोल धरला तर ५ लाख घनमीटर भराव लागतो. ६ लाख रुपये म्हणजे घनमीटरला सव्वा रुपयाही नाही, डंपरचं डिझेल तरी निघेल का त्यात? एकदा उचललेली माती दुसऱ्यांदा उचलायची म्हणजे शॉव्हेल, डंपर, डोझर सगळं परत अनेक वर्षं लावा. आणि भरलेली जमीन कित्येक वर्षं खाली बसत राहते, कुठे भेगा, कुठे पाणी साचतं, तिथे विहीर खणायची की घर बांधायचं? त्यापेक्षा खड्ड्यात पाणी राहू द्या. उन्हाळ्यात विदर्भात एवढा साठा कुठे मिळतो, खाणीचं पाणी गावांना आणि शेतीला देतातच की.

वर्धाकाठ
६ लाख पूर्ण प्रकल्पाच्या क्षेत्रावर हेक्टरी होते हो, फक्त खड्ड्याच्या नाही, तुम्ही सगळा खर्च खड्ड्यावर टाकून भागाकार केला. आणि तरी कमी पडत असेल तर रक्कम वाढवा, कोळसा विकून झाल्यावर परवडत नाही म्हणणं मला मान्य नाही. डोंगर म्हणजे नुसता कचराही नाही, नागपूरजवळच्या भानेगाव खदानीत वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स, इथली सरकारी कोळसा कंपनी) ओबीतूनच वाळू काढली आणि ती नागपूरच्या घरकुलांना स्वस्तात दिली.

शिफ्ट_इनचार्ज
वाळू सँडस्टोन म्हणजे वाळूचा दगड असेल तिथेच निघते, चिकणमातीच्या डोंगरातून काय काढणार. काळ्या मातीचंही ऐका. ती सुरुवातीलाच वेगळी काढून लवकर पसरावी लागते, वर्षानुवर्षं ढीग लावून ठेवली की तिच्यातला जीव जातो. जुन्या खदानींत ती कधीच मुरमात मिसळून गेली, आता कुठून आणणार?

इरई_चंद्रपूर
मी वर्धाकाठच्या बाजूने, पण कारण वेगळं. इरई आणि वर्धेच्या काठाजवळचे ढिगारे पुराचं पाणी अडवतात ही चंद्रपूरची जुनी तक्रार आहे, २०२२ च्या जुलैत वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा परत हेच बोललं गेलं. दुसरं म्हणजे झाडं लावली, डोंगर हिरवा झाला, काम झालं असं समजतात. दुर्गापूर-ऊर्जानगरकडे या बाभळींच्या झाडीत वाघ-बिबट येऊन राहतात, माणसं मेली आहेत तिथे. वस्तीला खेटून दाट रान उभं करणं याला मी पुनर्वसन म्हणणार नाही.

सातबारा_गेलेली
दादा, सगळं कबूल, पण जमीन गावाला म्हणजे नेमकी कोणाला? कोल बेअरिंग एरियाज कायदा १९५७ चा, त्यात जमीन केंद्राकडे आणि तिथून कंपनीकडे जाते, मूळ मालकाला परत द्यायची सोय नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने धोरण केलं तेही अशी जमीन वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना), वीज प्रकल्प, विस्थापितांचं पुनर्वसन यासाठी लीजवर द्यायचं. आमच्या घरात एका भावाला नोकरी मिळाली, आम्हा बहिणींना काहीच नाही. त्या बसलेल्या मातीत मी कापूस लावून कर्जात जाऊ का? त्यापेक्षा सपाट करून सोलर लावा आणि गावातल्या पोरापोरींना कामाला घ्या.

वर्धाकाठ
ताई, कायदा बदलायला हवा हेच तर म्हणतोय. बरं कापूस नको, निदान गवत तरी. २०२० च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलंय की खाणकाम संपलेल्या जमिनीवर परत गवत-चारा वाढेल अशी जमीन करून द्यायची अट खाणपट्ट्यातच टाका. आमच्या गावात चराईच उरली नाही, लोकांनी गायी विकून टाकल्या.

शिफ्ट_इनचार्ज
गवताला माझा विरोध नाही, ते मुरमावरही धरतं. पण त्यासाठी आख्खा डोंगर खड्ड्यात टाकायची गरज नाही. नदीकडचे आणि शेताकडचे उतार कमी करा, पायथ्याला नाली काढून गाळ टाकीत अडवा, म्हणजे तुमच्या सोयाबीनवर पापडी येणार नाही.

सातबारा_गेलेली
नाली आमच्याकडेही काढली होती, पहिल्याच पावसात गाळाने भरली आणि परत कोणी उपसली नाही. दरवर्षी उपसायचं काम कोणाचं, ते आराखड्यात नावानिशी लिहून द्या, मग बोलू.