अनुभव धागा : आज्जीच्या उंबऱ्यापर्यंत आलेला काळ

बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या विणकर घरातील एका स्त्रीचे दीर्घ आयुष्य सांगणारी ऐतिहासिक कादंबरी मी लिहीत आहे. 1919 च्या सुमारास जन्मलेली ही नायिका लग्नानंतर घर बदलत नाही, पण घरावरचा अंमल बदलत राहतो. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते, नंतर मुंबई राज्यात गेले, 1 नोव्हेंबर 1956 रोजी म्हैसूर राज्यात आले आणि 1973 साली त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. अशा कादंबरीत नायिकेला प्रत्येक मोठ्या घटनेच्या जागी नेऊन उभे करण्याचा मोह होतो. तो मला टाळायचा आहे. म्हणून सीमाभागातील वाचकांना विनंती आहे की, आपल्या आज्जी-पणजीपर्यंत बदलता काळ कोणत्या कागदाच्या, वस्तूच्या वा कामाच्या रूपाने पोहोचला, ते लिहावे.

बेळगावहून :
माझ्या पणजीचे माहेर बेळगावात आणि सासर शहापुरात. अंतर पायी जाण्याइतके, तरी माहेर इंग्रजी अमलात आणि सासर संस्थानात. मुलीच्या लग्नाला किमान 14 वर्षांची अट घालणारा शारदा कायदा 1 एप्रिल 1930 पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला, संस्थानांत नाही. पणजी तेव्हा अकरा वर्षांची होती, म्हणून लग्न शहापुरातच उरकले. कायद्याचे तिला काहीच ठाऊक नव्हते. मुलीकडचे वऱ्हाड पहाटे अंधारात बैलगाडीने निघाले आणि गाडीत तिला मोठ्याने बोलू दिले नाही, एवढेच तिच्या मनात राहिले होते. सासरी ती मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरू लागली आणि साठ वर्षे भरत राहिली. तिच्या तर्जनीच्या पेरावर सुताने बारीक खाच पडली होती. लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवून पाहत असे. आपण कादंबरीत ती खाच अवश्य घ्यावी.

निपाणीहून :
माझी आज्जी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी ती अंगणातच लुगडे झटकून मग घरात येई, तरी तिच्या कुशीत झोपताना आम्हा मुलांना ठसका लागे. 6 एप्रिल 1981 रोजी महामार्गावर बसलेल्या तंबाखू उत्पादकांवर गोळीबार झाला, त्या दिवशी ती घरीच होती. आंदोलकांसाठी तिने आधी भाकऱ्या पाठवल्या होत्या. मात्र शेतकऱ्याला भाव मिळाला तर वखारीतल्या बाईच्या मजुरीचे काय, हा प्रश्नही ती भाकऱ्या थापतानाच विचारत होती.

खानापूर तालुक्यातून :
आज्जी विधवा झाली तेव्हा तिच्या पदरी चार मुले आणि खंडाने कसायला घेतलेले भाताचे दोन तुकडे होते. नट्टी, म्हणजे भाताची रोपे, लावायला ती स्वतः गुडघाभर चिखलात उतरे आणि सुगी झाली की मालकाच्या ओसरीवर खंडाचे भात मोजून देई. 1 मार्च 1974 पासून कर्नाटकात सुधारित भूसुधारणा कायदा लागू झाला आणि कसत असलेली जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून कुळांना भून्यायमंडळापुढे सात नंबरचा फॉर्म भरावा लागला. बाईमाणसाला तालुक्याच्या फेऱ्या झेपणार नाहीत, तेव्हा दिराच्या नावाने फॉर्म भरावा, असे भावकीने सांगितले. ती आमच्या भागातल्या बायकांच्या बोलीत म्हणाली, "चिखलात मी उतरतो, आन् नाव त्येचं कशाला?" फॉर्मवर अंगठा तिचाच उठला. निकालाला काही वर्षे लागली आणि दरम्यान दिराच्या घराशी बोलणे तुटले, ते तिच्या मरणापर्यंत.

धागाकर्ती :
ताई, आपले मनापासून आभार. उताऱ्यावर नाव लागले, तेव्हा आज्जींना तो वाचता आला का?

खानापूर तालुक्यातून :
नाही. उतारा कन्नडमध्ये होता आणि तिला मराठी अक्षरओळखही नव्हती. माझ्या धाकट्या काकूचे माहेर कन्नड मुलखातल्या बैलहोंगलचे, म्हणून तिला कन्नड वाचता येई. तिने बोट ठेवून नाव कोठे आहे ते दाखवले. आज्जीने तो कागद देवघरातल्या पाटाखाली ठेवला. दरवर्षी पेरणीआधी ती तो बाहेर काढी, उजेडाला धरी आणि बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवी.