मुलांच्या १५० सीसी यूटीव्हीत काय काय बदलावं? (बजेट ४०० डॉलर)

रानवाटी
नमस्कार मंडळी. मुक्काम मिशिगन, ग्रँड रॅपिड्सच्या बाहेर. घरामागे साडेचार एकर जागा, त्यात सफरचंदाची झाडं, एक ओढा आणि ओढ्यापलीकडे चांगला खडा चढ. मुलांसाठी सेकंड हँड यूटीव्ही (शेजारी-शेजारी सीटची छोटी ऑफरोड गाडी) घेतली आहे. दोन सीटची, चिनी बनावटीची, जीवाय-६ (स्कूटरचं) १५० सीसी इंजिन, सीव्हीटी (बेल्ट आणि पुलींवर आपोआप बदलणारा गिअर), फॉरवर्ड-न्यूट्रल-रिव्हर्स. टायर पुढे २१×७-१०, मागे २२×१०-१०. चालवणार मुलगा, वय ११. शेजारी मुलगी, वय ८.
अडचणी अशा: दोघं बसली की चढावर इंजिन ओरडतं पण गाडी सरकत नाही. ओढ्याकाठच्या चिकणमातीत मागची चाकं जागेवर फिरतात. सीटबेल्ट साधे तीन टोकांचे आहेत, ते सैल वाटतात. संध्याकाळी उजेड पुरत नाही. वेग वाढवायचा नाही. सगळं मिळून ४०० डॉलरच्या आत बसवायचं आहे. आधी काय करू?

ओहायोकर
सरळ २५ इंची मड टायर टाका, चारही. सोबत २५०० पौंडी विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारी मोटर) आणि छतावर मोठा लाइट बार. आमच्या गाडीला हे सगळं आहे, आजवर चिखलात कुठेही अडकली नाही. टायरवर पैसे वाचवू नयेत, ४०० जरा कमीच धरलेत तुम्ही. ८००-९०० तरी हाताशी ठेवा.

पाना_पकड
@ओहायोकर, तुमची गाडी किती सीसीची? १५० सीसीला २५ इंची टायर म्हणजे मागच्या २२ च्या मानाने गिअरिंग साडेतेरा टक्के लांब, ओढ तेवढी कमी. चढावर आधीच रडणाऱ्या गाडीला ते नकोच.
रानवाटी, तुम्ही लिहिलंय "इंजिन ओरडतं पण गाडी सरकत नाही". हे लक्षण महत्त्वाचं आहे. चढावर इंजिन घुसमटत असेल, आवाज खाली बसत असेल, तर रोलर (पुढच्या पुलीत सरकणारी वजनं) जड आहेत. ओरडत असेल तर आरपीएम भरपूर आहेत, ताकद मध्येच कुठेतरी घसरते आहे. म्हणजे बेल्ट किंवा क्लच. एक पैसा खर्च करण्याआधी सीव्हीटीचं कव्हर उघडा.
बेल्टवर आकडे असतात: ८४२-२०-३० किंवा ७४३-२०-३०. पहिला आकडा लांबी मिमीमध्ये, दुसरा रुंदी, तिसरा कोन. दोन्ही लांबीचे बेल्ट या इंजिनांना येतात, तेव्हा अंदाजाने मागवू नका, वाचून मागवा. व्हर्नियरने रुंदी मोजा. नवा २० मिमी असतो. १८ च्या खाली गेला असेल तर तो पुलीत खोल बसतो आणि घसरतो. कडा काचेसारख्या चकाकत असतील तर रुंदी कितीही असो, बदला.
नवा बेल्ट बसवताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मागच्या पुलीचे दोन्ही भाग हाताने फाकवून बेल्ट खोल आत दाबायचा, म्हणजे पुढे तो ढिला पडतो. तसं न करता पुढचा नट आवळला तर बेल्ट पुढच्या पुलीच्या दोन भागांत चिमटला जातो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण पंख्याची पुली क्रँकच्या दात्यांवर पूर्ण बसलेलीच नसते. दहा मिनिटं चाललं की बेल्ट सुटतो, नट सैल होतो आणि पुलीचे आतले दाते कापले जातात. आवळण्याआधी क्रँकचे दाते पुलीच्या तोंडाशी दिसतात का, टॉर्च मारून बघा. आवळून झाल्यावर पुली हाताने फिरवा, बेल्ट मोकळा फिरला पाहिजे.

तिखटमीठ
या गाडीत पैसे घालूच नका. विका आणि पोलारिसची आरझेडआर २०० घ्या. हेल्मेटला टॅग लावायचा, हेल्मेट नसेल तर गाडीच्या चालण्यावर आपोआप मर्यादा येते. फोनवरून वेगाची मर्यादा आणि फिरण्याची हद्द ठरवता येते. फ्युएल इंजेक्शन आहे, कार्ब्युरेटरची कटकट नाही. आम्ही तीच घेतली, मुलगा कुठे आहे ते घरात बसून कळतं.

रानवाटी
@तिखटमीठ, चांगली गाडी आहे, पण ती हजारांत जाते. माझं बजेट ४००.
@पाना_पकड, शनिवारी उघडतो.

गोदाकाठ
पाना_पकड यांना अनुमोदन. मी नाशकात स्कूटरचं गॅरेज चालवतो. जीवाय-६ आणि आपल्याकडच्या गिअरलेस स्कूटरचं सीव्हीटी एकाच तत्त्वावर चालतं. कव्हर उघडलंच आहे तर रोलरही काढून बघा. १८×१४ मापाचे सहा असतात. एका बाजूने चपटे झाले असतील तर सहाच्या सहा बदला, दोन-तीन बदलून भागत नाही. वजनाची खात्री काट्यावर करा. जुने झिजलेले असतात, त्यांचं वजन छापील वजनापेक्षा कमी भरतं. रोलरच्या वाटेला थोडं ग्रीस लावा, सरकतात छान.

पाना_पकड
@गोदाकाठ, ग्रीसबद्दल असहमत. नायलॉनच्या आवरणाचे रोलर कोरडेच चालतात. ग्रीस गरम होऊन बाहेर फेकलं जातं आणि बेल्टवर येतं, मग घसरण आणखी वाढते. फार तर व्हेरिएटरच्या (रोलर असतात त्या पुलीच्या) मधल्या बुशवर बोटाला लागेल इतकंच, तेही पुसून.

गोदाकाठ
ओरिंगने बंद केलेला व्हेरिएटर असेल तर आत ग्रीस असतंच, माझा अनुभव त्यावरचा. उघड्या प्रकाराला नको, हे मान्य.

डेट्रॉइटची_सून
मला इंजिनातलं कळत नाही, सीटबेल्टचं कळतं, कारण आमच्या दोन्ही मुलांसाठी ते मी स्वतः बसवले. चार टोकांचा, दोन इंच रुंदीचा हार्नेस घ्या. पण बसवायची जागा चुकली तर तो साध्या बेल्टपेक्षा वाईट.
खांद्याचे पट्टे मागे जिथे बांधाल ती जागा मुलाच्या खांद्याच्या पातळीत किंवा थोडी खाली हवी, २० अंशांपेक्षा जास्त खाली नको. सीटच्या मागे जमिनीजवळ बांधले तर धक्का बसला की पट्टा पाठीचा कणा खाली दाबतो. खांद्याच्या उंचीवर आडवा पाइप नसेल तर वेल्डरकडून घालून घ्या, पत्र्याला भोक पाडून बोल्ट लावू नका. बोल्ट ७/१६ इंची, ग्रेड ८ चे. कमरेचा पट्टा मांड्यांच्या सांध्यावर, हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. आधी तो आवळायचा, मग खांद्याचे. उलट केलं तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात.
आणि एक, जे कोणी लिहिलेलं नाही. सीटला पाठ टेकवून बसल्यावर मुलीचे तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात का? टेकत नसतील तर तिला शेजारी बसवू नका, हार्नेस कितीही चांगला असो. पाय टेकले नाहीत की वळणावर शरीर सरकतं आणि हात आपोआप बाहेर जातो. दोन्ही बाजूंना जाळी लावाच.

ओहायोकर
२५ जरा जास्त झाले हे मान्य. पण टायर बदलल्याशिवाय चिखलाचं काही होणार नाही. २३ किंवा २४ घ्या. विंचबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. चिखलात विंचच लागते.

वायरमन_ऑस्टिन
विंचबद्दल मी बोलतो. २५०० पौंडी विंच पूर्ण ओढीवर १०० अँपिअरच्या वर खाते. या गाडीला ७ ते ९ अँपिअर-तासांची बॅटरी आणि मोजके वॅट देणारा स्टेटर (इंजिनावर वीज बनवणारा भाग). दोनदा ओढलं की बॅटरी मान टाकेल, आणि पुढचा पाइप त्या ओढीसाठी बनवलेलाच नाही. एक जाड दोर आणि तुमची मोठी गाडी पुरे.
दिव्यांसाठी १८ वॅटचे दोन एलईडी पॉड बसवा. ३६ वॅट म्हणजे साधारण ३ अँपिअर, स्टेटरला झेपतं. बॅटरीपासून १० अँपिअर फ्यूज, मग रिले, मग दिवे. रिलेची चालू-बंदची तार किल्लीच्या लाइनवर घ्या, म्हणजे मुलं दिवा चालू ठेवून गेली तरी बॅटरी उतरणार नाही. अर्थिंग फ्रेमवर घेताना रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा. बहुतेक वेळा दिवे मिणमिणतात ते तिथेच. पॉड छतावर नको, बोनेटच्या उंचीवर लावा, नाहीतर धुळीत आणि धुक्यात प्रकाश परत डोळ्यावर येतो.

सिलिकॉन_पाटील
मोठा सिलिंडर किट टाका ना. ५८.५ मिमीचा मिळतो, केसला हात न लावता बसतो. शिवाय रेव्ह लिमिट (आरपीएमची मर्यादा) नसलेला रेसिंग सीडीआय (ठिणगी देणारा डबा). मस्त ताकद येते.

पाना_पकड
@सिलिकॉन_पाटील, मूळ बोअर ५७.४, स्ट्रोक ५७.८. ५८.५ ने १५५ सीसी होतं, म्हणजे चार टक्के वाढ. त्यासाठी सिलिंडर, पिस्टन, गॅस्केट आणि पुन्हा जेटिंग (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जुळवणं). सीडीआयबद्दल: या इंजिनात एसी आणि डीसी असे दोन प्रकार, प्लग दिसायला सारखाच. चुकीचा लावला की ठिणगीच नाही. आणि वेग वाढवायचा नाही असं धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंगवर लिमिट काढलं की वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगतात, वेळेत बंद होत नाहीत. ११ वर्षांच्या मुलाच्या गाडीत हे नको, मी ठाम आहे.
रानवाटी, त्यापेक्षा टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा. थंड इंजिनावर, पिस्टन टॉपला आणून, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही ०.१० मिमी. गेज किंचित अडखळत सरकला पाहिजे. टॅपेट घट्ट झाले की गरम झाल्यावर इंजिन ताकद सोडतं आणि पुन्हा सुरू व्हायला त्रास देतं.

लेकसाइड
मिशिगनमध्ये असाल तर सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर जाच. ओआरव्हीचा (ऑफरोड वाहनाचा) परवाना आणि ट्रेल परमिट लागतं, तिथे उंच काठीवर झेंडा सक्तीचा. १६ खालच्या मुलांना सुरक्षा प्रमाणपत्र हवं आणि मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. वाळूसाठी मागे पॅडल टायर घ्या.

रानवाटी
@लेकसाइड, सध्या घरामागेच. टेकड्या पुढच्या वर्षी.
शनिवारचा हिशेब: बेल्ट ८४२-२०-३०, रुंदी १७.४ मिमी. कडा आरशासारख्या. सहापैकी चार रोलर चपटे. टॅपेट एक्झॉस्टचा इतका घट्ट की ०.०५ चा गेजही जाईना. नवा बेल्ट, मूळ वजनाचे रोलर, टॅपेट ०.१०. दाते टॉर्चने बघूनच नट आवळला. मुलगा एकटा चढ सहज चढला. मग त्याच्या शेजारी ३० किलोचं मिठाचं पोतं बांधून बघितलं, तरी चढला. खर्च ७० च्या आत.

पाना_पकड
एक्झॉस्ट ०.०५ च्या खाली म्हणजे व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर होता. वेळेत बघितलंत. २०० मैलांनी पुन्हा तपासा. तेलही बदला, आणि ड्रेन उघडताना खालून स्प्रिंग आणि जाळी पडते, ती मातीत हरवू नका.

तिखटमीठ
इंजेक्शनवाली घेतली असती तर शनिवार वाचला असता, एवढंच म्हणते.

गोदाकाठ
आता टायरला हात लावू नका. चढ जमला, चिखलात हवा कमी करून बघा. ५ ते ६ पीएसआय. साध्या मोटारीच्या गेजवर हे कळत नाही, कमी दाबाचा गेज घ्या.

डेट्रॉइटची_सून
टायरला हात लावू नका, +१. ते पैसे दोन्ही हार्नेसना ठेवा.

वायरमन_ऑस्टिन
+१. आधी हवा कमी करा.

रानवाटी
सगळ्यांचं वाचलं. हवा ५ वर आणून दोन दिवस बघितलं, चिकणमाती टायरच्या खोबणीत बसते आणि चाक गुळगुळीत होतं. म्हणून मागचे दोन टायर बदलतोच आहे. २३ इंची, खोल आणि लांब अंतराच्या गुट्ट्यांचे. पुढचे तेच. २२ वरून २३ म्हणजे साडेचार टक्के, तर मागचा स्प्रॉकेट ४० चा ४२ दात्यांचा केला की हिशेब बरोबर. साखळी ५२० ची आहे. दोन दात वाढले की साखळीचा एक पिच (एक कडी) जास्त खर्च होतो, म्हणजे एक्सल साधारण ८ मिमी पुढे. स्लॉटमध्ये तेवढी जागा आहे, तीच साखळी चालेल.
मुलीचे पाय टेकत नाहीत. चार बोटं कमी पडतात. त्यामुळे शेजारची सीटच काढून टाकली. हार्नेस एकच, मुलासाठी, आणि जाळी. सीटच्या जागी प्लायवुडचा खोका बसवतोय, सफरचंदांचे दोन क्रेट आणि करवत-दोर मावेल एवढा.

डेट्रॉइटची_सून
सीट काढली हे उत्तम. पण खोका फ्रेमच्या मूळ सीटच्या बोल्टांनाच आवळा, आणि क्रेटवरून रॅचेट पट्टा हवा. गाडी उलटली तर सुटा क्रेट मुलाच्या डोक्यावर येतो. आणि मुलीला स्पष्ट सांगा, खोक्यात बसायचं नाही. ती बसणार.

ओहायोकर
चारही टायर बदलले असते तर बरं झालं असतं. मागे २३ आणि पुढे २१ ठेवलं तर गाडी किंचित पुढे झुकेल.

पाना_पकड
आधी फरक एक इंच होता, आता दोन. मागचा एक्सल फक्त अर्धा इंच वर येतो, स्टिअरिंगला त्याने काही होत नाही. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक खाच कमी करा, बसेल. रानवाटी, स्प्रॉकेटच्या बोल्टांना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा, आणि पहिल्या तासानंतर साखळीचा ढिलेपणा मोजा. अर्धा ते पाऊण इंच ठेवा.

रानवाटी
निळं आहे घरात. शॉकला पाच खाचा आहेत, सध्या तिसरीवर. दुसरीवर आणतो.