काच पुसूनही रात्री समोरच्या दिव्यांचे फराटे दिसतात, नेमकं काय करायचं?

खंबाटकी_रात्रपाळी (प्रश्न)

गाडी चार वर्षांची हॅचबॅक. सोसायटीत आंब्याखाली उभी असते आणि रोज बोअरच्या पाण्याने पुसली जाते. दिवसा पुढची काच चकचकीत दिसते. रात्री मात्र समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांचा उजेड काचभर पसरतो, मध्ये धुरकट पडदा असल्यासारखा. पाऊस आला की वायपर कमानीसारखे फराटे ओढतो. वर एका कोपऱ्यात पांढरे ठिपके आहेत, ते नखानेही निघत नाहीत. घरच्या काचेचा स्प्रे, वर्तमानपत्र, शाम्पूचं पाणी हे सगळं करून झालं. काच पॉलिश करून घ्या असं वॉशिंग सेंटरवाले सांगतात. खरंच गरज आहे का?

काचपुसणी

पॉलिशचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नात तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर एकच स्प्रे मारला तर एकही जाणार नाही. धुरकट पडदा बहुतेक आतल्या बाजूचा आहे. फराटे वायपरचे किंवा बाहेरच्या तेलकट थराचे. ठिपके क्षारांचे.

आधी आतली बाजू, कारण रात्रीचा त्रास मुख्यतः तिचाच असतो. डॅशबोर्ड उन्हात तापला की प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं थोडी थोडी उडतात आणि काचेवर येऊन बसतात. त्यात डॅशबोर्डला चकाकीचं सिलिकॉन पॉलिश लावलं असेल तर थर आणखी लवकर जमतो. हा थर तेलकट असतो. नुसत्या पाण्याने किंवा सुवासिक स्प्रेने तो निघत नाही, फक्त पसरतो. म्हणूनच दहा मिनिटं बरं वाटतं.

लागणारं सामान: मायक्रोफायबरची तीन स्वच्छ फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल (सॅनिटायझरमध्ये असतं तसं) आणि डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालतात तेच). अल्कोहोल ९९ टक्क्यांचं असेल तर निम्मं निम्मं मिसळा. ७० टक्क्यांचं मिळालं तर तसंच वापरा.

गाडी सावलीत घ्या आणि काच हाताला गार लागेपर्यंत थांबा. गरम काचेवर द्रव पुसायच्या आधीच वाळतो, मग रेघा राहणारच. इंजिन बंद, दारं उघडी, जवळपास सिगारेट नको. अल्कोहोल पेट घेतं. पहिली फेरी एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून, फडकं घट्ट पिळून. दुसरी फेरी साध्या ओल्या फडक्याने. ही फेरी लोक टाळतात आणि उरलेल्या साबणाच्या रेघांना काचेचा दोष देतात. तिसरी फेरी अल्कोहोलची: फवारा फडक्यावर मारा, काचेवर नाही, नाहीतर थेंब डॅशबोर्डवर आणि आरशामागच्या कॅमेरा-सेन्सरवर उडतात. अर्ध्या काचेला तीन-चार फवारे पुरतात. लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्या. फडक्याची दोनदा घडी घातली की आठ बाजू मिळतात. बाजू मळली की पलटा.

बसायचं शेजारच्या सीटवर, तिथे स्टिअरिंग आडवं येत नाही. खालच्या अरुंद कोपऱ्यात तळहात पोचत नाही, म्हणून फडकं हाताच्या पाठीवर घेऊन पुसा. आणि आतून उभे हात मारा, बाहेरून आडवे. रेघ राहिलीच तर ती कोणत्या बाजूची हे तिच्या दिशेवरूनच कळतं.

वर्तमानपत्र सोडा. त्याची शाई काचेभोवतीच्या फिकट अस्तराला लागते.

मोहोरतळ

बाहेरच्या बाजूचं मी सांगतो, कारण आंब्याखालची गाडी ही वेगळीच गोष्ट आहे. मोहोराच्या दिवसांत काचेवर जो बारीक चिकट शिडकावा पडतो, तो झाडाचा डिंक नसतो. मोहोरावरचे तुडतुडे रस शोषून जो गोड द्रव बाहेर टाकतात, तो चिकटा असतो. म्हणजे मुख्यतः साखर. साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, कोमट पाण्यात लगेच विरघळते. त्यामुळे तिथे आधी अल्कोहोल घासलं तर फक्त चिकट फराटे पसरतील. ओलं फडकं काचेवर पाच मिनिटं पसरून ठेवा, मग धुवा.

धूळ कोरडी पुसू नका, त्यातल्या बारीक खड्यांनी काचेला चरे पडतात. आधी भरपूर पाणी, मग साबणाचं पाणी. त्यानंतरही हात फिरवून खरखर जाणवली तर क्ले बार, म्हणजे काचेवर चिकटलेली घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा. काच साबणाच्या पाण्याने सतत ओली ठेवायची आणि बार अजिबात न दाबता फिरवायचा. कोरड्या काचेवर तो चिकटतो.

काच खरंच स्वच्छ झाली का हे बघायची सोपी खूण: साधं पाणी ओता. पाणी अखंड पडद्यासारखं उतरलं तर तेल गेलं. मध्येच फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल किंवा वॅक्स आहे. पाणी झटकणारं कोटिंग मुद्दाम लावलं असेल तर मात्र ही खूण चालत नाही.

बोअरच्या पाण्याने धुतलीत तर काच स्वतःहून वाळू देऊ नका. थेंब वाळतो, क्षार तिथेच राहतो. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा द्या, अर्धा लिटर पुष्कळ झालं.

खंबाटकी_रात्रपाळी

आतून करून पाहिलं, पहिल्याच फेरीत फडकं पिवळट-करडं झालं! आता त्या पांढऱ्या ठिपक्यांचं सांगा. व्हिनेगर चालेल का?

काचपुसणी

चालेल. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. त्यात टिश्यू भिजवून फक्त ठिपक्यांवर चिकटवा, पाच मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्याने धुवा. रंगावर आणि धातूच्या पट्ट्यांवर ओघळ जाऊ देऊ नका. ठिपके फिके पडले तर पुन्हा एकदा करा.

दोनदा करूनही ढिम्म हलले नाहीत तर ते सिलिकाचे (वाळूत असतं ते द्रव्य) आहेत किंवा काचच खाल्ली गेली आहे. तिथे सेरियम ऑक्साइडची (काच घासून गुळगुळीत करणारी) पावडर पाण्यात कालवून, फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) पॅडने, हाताने घासायची. लेप सतत ओला ठेवायचा. मशीन एकाच जागी फिरलं की काच तापते, आणि पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली असते. एकाच जागी उष्णता मिळाली तर तडकू शकते. चऱ्यात नख अडकत असेल तर पॉलिशचा नाद सोडा. तेवढं खोल घासलं की तिथे भिंगासारखा खड्डा होतो आणि रस्ता वाकडा दिसायला लागतो. तुमच्या ठिपक्यांसाठी सेंटरला पैसे मोजायची वेळ अजून आलेली नाही.

रबरपट्टी

वायपरचं राहिलं. फराट्यांचा आकार बघा, कारण त्यातच कळतं. केसासारख्या बारीक रेघा असतील तर रबराच्या कडेला खडा किंवा चीर आहे. एकाच जागी रुंद पट्टा न पुसता राहत असेल तर ब्लेडचा दाब तिथे पोचत नाही, म्हणजे पट्टी वाकली आहे. थरथरत, चर्र आवाज करत चालत असेल तर रबर उन्हाने ताठ झालंय किंवा काचेवर वॅक्सचा थर आहे. रबराची कड प्रत्येक फेरीला पलटी खायला हवी; ताठ रबर पलटत नाही, उड्या मारतं.

आधी अल्कोहोलचं फडकं चिमटीत धरून रबराच्या कडेवरून ओढा. काळं यायचं थांबेपर्यंत, तीन-चार वेळा. फरक पडला नाही तर ब्लेड बदला. आपल्या उन्हात वर्षभर टिकलं तर खूप, आणि बदलायचं ते जूनच्या आधी. दोन्ही बाजूंची लांबी बहुतेक गाड्यांत वेगळी असते, टेपने मोजून घ्या. ब्लेड काढल्यावर काचेवर जाड टॉवेल टाकून ठेवा. उघडा लोखंडी आर्म सुटून आपटला तर काच तिथेच तडकते.

वॉशरच्या टाकीत शाम्पू घालू नका, फेसाचा थर वायपर काचभर पसरवतो. बोअरचं पाणीही नको, जेटची भोकं क्षाराने बुजतात. बुजलंच तर बारीक सुईने, हलक्या हाताने.

काच ओली राहावी म्हणून कापलेला बटाटा किंवा तंबाखू घासायची ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती कोणी सुचवेल. पाणी थोडा वेळ सपाट पसरतं हे खरं, पण तो थर वायपरखाली येऊन रात्री पुन्हा फराटेच देतो. भर पावसात वायपर बंद पडला तरच करा.

मोहोरतळ

फडक्यांबद्दल एक राहिलं. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, तो तंतूंवर थर देतो आणि तोच काचेवर उतरतो. डॅशबोर्डच्या पॉलिशचं फडकं तर काचेच्या फडक्यांबरोबर एका बादलीतही नको. मागची काच आतून पुसताना तापणाऱ्या तारांच्या दिशेने, म्हणजे आडवंच पुसा. आडव्या तारांवर उभं घासलं की तार तुटते आणि पावसाळ्यात तेवढी पट्टी धुकट राहते.