मदत हवी आहे : चिआंग माईच्या धुरात लेकीच्या खोलीत ताजी हवा कशी आणावी?

उत्तर थायलंडमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, आणि डोंगरांमधल्या खोऱ्यात धूर अडकून बसतो. मुलगी २ वर्षांची. तिच्या चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क मिळत नाही, म्हणून सगळी भिस्त झोपायच्या खोलीवर.

खोली १२ बाय १४ फूट, उंची ९. तासाला ३०० घनमीटर हवा गाळणारा प्युरिफायर आहे. खिडकी काचेच्या आडव्या पट्ट्यांची. फटींना फोमची टेप, दाराखाली ओला टॉवेल. बाथरूमचा एक्झॉस्ट बंदच ठेवतो, कारण तो लावला की फटीफटीतून धूर आत ओढला जातो. एवढ्याने बाहेर पीएम २.५ (हवेतले धुराचे अतिसूक्ष्म कण, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर) १५० असताना आत १२ येतं. पण तिघं झोपलो की पहाटे कार्बन डायऑक्साइड २००० पीपीएमच्या वर! स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. खिडकी किलकिली केली तर अर्ध्या तासात पीएम ४०.

खिडकीच्या दोन पट्ट्या काढून तिथे फळी, फळीत बाहेरची हवा आत ढकलणारा ४ इंची डक्ट फॅन (नळीत बसणारा पंखा) आणि सूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर बसवायचा विचार आहे. घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडता येणार नाही. हिशोबाने तासाला ५०-६० घनमीटर हवा पुरेल, पण फिल्टरच्या अडथळ्याने फॅनचा जोर घटणारच. कोणी हे केलं असेल तर फॅन किती क्षमतेचा आणि फिल्टर केवढा घेतलात?