साडेतीन आणि आठ वर्षांची मुलं, चार रविवार: समुद्र, सायकल आणि चोडण कसं बसवावं?

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याला राहतो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी साडेतीनची. तुळशीचं लग्न आटोपलं की चार रविवार मोकळे आहेत आणि तीन गोष्टी करायच्या आहेत.

१. मुलाच्या सायकलची आधाराची चाकं काढायची. हँडल घट्ट धरून बसतो, चाकं वर उचलली की लगेच पाय टेकतो.
२. दोघांना समुद्रात नीट उतरवायचं. धाकटी वाळूत तासन् तास रमते, पण लाट पायाला लागली की किंचाळते.
३. चोडण बेटावर जाऊन पक्षी दाखवायचे.

कुठली गोष्ट आधी करावी, किती वाजता निघावं, काय चुकतं, हे सांगा. ठिकाणांची लांबलचक यादी नको. दुपारी एकच्या आत घरी परतायचं आहे, कारण धाकटीची झोप हुकली की संध्याकाळ सगळ्यांची जाते.

---

खाडीकाठ

समुद्र आणि चोडण, दोन्हींसाठी रविवार ठरवण्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा. जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या बाजूला चपखल बसतो. गोव्यात भरती त्याच्या तासभर आधी येते, म्हणून एक तास वजा करा. चतुर्थीला भरती दोनच्या सुमारास, ओहोटी सव्वाआठच्या. रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. नदीत जितकं आत जाल तितका उशीर वाढतो. हा अंदाज रविवार निवडण्यापुरता आहे. निघायच्या आदल्या रात्री मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघाच.

तुम्हाला एकच्या आत परतायचं आहे, म्हणजे सकाळची ओहोटी हवी. ती तृतीया ते पंचमीच्या आसपास साडेसात ते नऊमध्ये येते, मग पक्ष शुक्ल असो की कृष्ण. अष्टमीच्या आगेमागे ओहोटी ऐन उन्हात येते, तो रविवार सायकलला द्या. पौर्णिमा-अमावास्येला ती संध्याकाळी साडेचार-पाचला असते. तेव्हा वाळू भरपूर मोकळी होते, पण तुमच्या वेळेत बसत नाही.

आता धाकटीचं किंचाळणं. बहुतेक वेळा लाटेपेक्षा परतणाऱ्या पाण्याची भीती असते. पाणी मागे जाताना तळव्याखालची वाळू ओढून नेतं आणि लहान मुलाला आपण पडतोय असं वाटतं. म्हणून लाटेपाशी सुरुवात करू नका. ओहोटीला सपाट किनाऱ्यावर वाळूत पाण्याची डबकी राहतात, घोट्याइतकी. पहिला अर्धा तास तिथेच. मग ओली वाळू, आणि शेवटी फेसाची कडा. तिथे तुम्ही खाली बसा, तिला पुढ्यात घ्या आणि हात काखेखाली ठेवा. उभ्याने मनगट धरलं तर लाटेच्या झटक्यात कोपर निखळू शकतं. कडेवर घेऊन खोल पाण्यात नेणं सर्वांत वाईट: तुमचा पाय सरकला तर दोघीही पाण्यात, आणि पुढचे सहा महिने ती समुद्राचं नाव काढणार नाही.

मोठ्यासाठी मर्यादा त्याच्या कमरेपर्यंत, तीही जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच. लाल झेंडा असेल तर पाय भिजवायलाही नाही. लाटा फुटतायत त्या रांगेत मधेच एखादा पट्टा शांत आणि गडद दिसला तर पाणी तिथून आत ओढलं जातंय असं समजा. लोक नेमके तीच 'शांत' जागा पोरांसाठी निवडतात.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. थंडीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. फुगवलेली ट्यूब किंवा बदक त्या वेळी मुलासकट आत सरकतं, आणि काठावरून बघणाऱ्याला पाणी तर अगदी गुळगुळीत दिसत असतं. सकाळी ट्यूब घरी ठेवा. कपडे केशरी किंवा पिवळे घाला, निळ्या कपड्यातलं पोर पाण्यात दिसत नाही.

जागा: बाणावली किंवा कोलवा, सपाट वाळू. मिरामार फिरायला छान, उतरायला नाही, तिथे मांडवीच्या मुखाचे प्रवाह आहेत. केरीलाही तेरेखोलच्या मुखापाशी तेच.

---

चाकजोड

सायकलबद्दल. आधाराची चाकं हळूहळू वर उचलत नेण्याची पद्धत सोडून द्या. दुचाकी वळताना आत कलते, आधाराची चाकं तिला कलू देत नाहीत. त्यामुळे मूल वजन उलट्या बाजूला टाकायला शिकतं आणि चाकं काढली की तीच सवय त्याला पाडते.

दोन्ही चाकं काढा, पॅडलही काढा. बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पॅडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट फिरवून सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून आटे मारतो आणि मग अख्खा क्रँक, म्हणजे पॅडल जोडलेला दांडा, बदलावा लागतो. बसवताना थोडं ग्रीस लावा.

सीट इतकी खाली करा की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकून गुडघे किंचित वाकतील. १२० ते १३० सेंटीमीटर उंचीच्या मुलाला साधारण २० इंची चाक बसतं. 'पुढल्या वर्षीही चालेल' म्हणून २४ इंची घेतली असेल तर तळवे टेकणारच नाहीत. तिच्यावर शिकवू नका, कोणाची तरी लहान मागून आणा. टायरमधली हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्याइतकी. कमी हवेची सायकल हळू वेगात डगमगते आणि दोष पोराला मिळतो.

ब्रेक आधी तपासा: मुलाने दोन बोटांनी लीव्हर ओढल्यावर मागचं चाक अडलं पाहिजे. लीव्हर लांब असेल तर बहुतेक ब्रेकना तो हँडलजवळ आणायचा छोटा स्क्रू असतो. नवीन सायकलची ब्रेकवायर काही दिवसांत सैल पडते, ती ओढून घ्या.

मग पायऱ्या. पायांनी ढकलत चालणं, मग ढकलून दोन्ही पाय उचलणं. तीन सेकंद, पाच सेकंद, दहा सेकंद. अगदी हलका उतार हवा, शाळेच्या मैदानाची कडा पुरते. मुरमाची जमीन नको, लाल खडे चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. दहा सेकंद पाय वर राहिले आणि तो हँडलकडे न बघता समोर बघू लागला की पॅडल बसवा. निघताना एक पॅडल पुढे-वर, घड्याळात दोन वाजतात त्या जागी, म्हणजे पहिल्याच दाबात वेग मिळतो. तुम्ही हँडल धरू नका, सीटही नको. धरायचंच तर पाठीमागून काखेखाली, तेही पहिली पाच-सात मीटर. हँडल धरलं की तोल तुमचा असतो, त्याचा नव्हे.

एका वेळी ४० मिनिटं पुरे. दमलेलं पोर पडतं आणि ते पडणंच लक्षात ठेवतं. रविवारची वाट बघू नका, आठवड्यात तीन संध्याकाळी वीस-वीस मिनिटं द्या.

रविवार बक्षिसासाठी ठेवा: दिवाडी बेट. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की धक्क्यापासून पिएदादच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत खाजन शेतांतून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांतून, सपाट रस्ता आहे. सकाळी आठच्या आत पोचा. रस्त्याला कठडा नाही, बाजूला पाणी किंवा चिखल आहे, म्हणून मुलगा आत आणि मोठा माणूस कडेने. टेकडी त्याने चढू नये. चढण जमेलही, पण उतरताना ब्रेक सतत दाबून हात दमतात. फेरीत सायकल हाताने ढकलतच चढवा. ओहोटीला धक्क्याची उतरण शेवाळाने गुळगुळीत असते.

उत्साह उरला तर बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्वेची फेरी आहे. पलीकडे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, त्यामुळे देव ज्या वाटेने नदीपलीकडे गेला त्याच दिशेने जातोय एवढं सांगितलं तरी आठ वर्षांच्या मुलाला गोष्ट पुरते. पण पहिल्या खेपेला हे करू नका.

---

फोंडेकरीण

खूप आभार. डाव्या पॅडलचं माहीत नव्हतं, पाना घेऊन बसणारच होतो. दोन शंका. चोडणला होडी घ्यावी का? आणि चोडणच्या फेरीसाठी रायबंदरपर्यंत चौघं एका स्कूटरवर जाणं बरोबर नाही हे कळतं, पण दोन स्कूटर घेतल्या तर धाकटीला कुठे बसवायचं?

---

निवटी

चोडणबद्दल खाडीकाठ यांना थोडी पुरवणी. ओहोटी चांगली ती पायी बघणाऱ्याला. होडीवाल्याला भरती लागते, कारण ओहोटीला खारफुटीतल्या नाळांत पाणीच उरत नाही. दोन्ही एका फेरीत होत नाहीत. साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी माझं मत स्पष्ट आहे: होडी नको. अरुंद होडीत तासभर हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि पक्षी मात्र दूर पानांत लपलेला.

डॉ. सलीम अलींच्या नावाचं हे अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं आहे, चोडणच्या पश्चिम टोकाला. रायबंदरच्या फेरीतून उतरलं की धक्क्यापासून जवळच. चिखल उघडा पडायला लागल्यापासून पहिला दीड तास सर्वांत चांगला, कारण पाण्यामागोमाग पक्षी खाद्यासाठी उतरतात. ओहोटी सव्वाआठची असेल तर पावणेसातला तिथे असा. नऊनंतर ऊन आणि शांतता.

धाकटीला पक्षी दाखवायचा हट्ट धरू नका. त्या वयात दुर्बीण डोळ्यांना लावून वस्तू शोधणं जमत नाही. तिला चिखल दाखवा: निवट्या, म्हणजे कल्ल्यांत पाणी धरून चिखलावर उड्या मारणारे मासे, आणि एक नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे. ती नांगी फक्त नराला असते, आणि तो ती वर-खाली हलवतो ते मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. सावली पडली की सगळे बिळात. मग दोन-तीन मिनिटं न हलता उभं राहायचं, एकेक बाहेर येतो. न हलण्याचा हा खेळ साडेतीन वर्षांच्या मुलीला सहज जमतो, मोठ्यांनाच फोन बघावासा वाटतो.

मोठ्याला ८ पट दुर्बीण पुरे. १२ पट हातात थरथरते. पहिल्या दिवशी चारच पक्षी ओळखायला द्या: खंड्या, ढोकरी, पाणकावळा आणि शेपटी सतत हलवणारा तुतारी. यादी मोठी झाली की वही मिटते.

खारफुटीची श्वासमुळं काट्यांसारखी वर येतात, चपला चालणार नाहीत, जुने कॅनव्हासचे बूट घाला. डासांसाठी पूर्ण बाह्या. मळकट हिरवा किंवा खाकी रंग बरा, समुद्राच्या नेमका उलट.

---

डब्बेवाली

स्कूटरचं: धाकटी मधे दोन माणसांच्या आड नको आणि पुढे पाय ठेवायच्या जागी तर अजिबात नको, ब्रेक लागला की तोंड थेट हँडलवर आपटतं. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी नियमाप्रमाणे चालवणाऱ्याला जोडलेला सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत. म्हणजे एका स्कूटरवर चालवणारा आणि पट्ट्याने बांधलेली धाकटी, दुसरीवर दुसरा पालक आणि मुलगा, त्यालाही हेल्मेट. फोंडा ते रायबंदर चाळिसाने जायचं म्हणजे पाऊण-एक तास धरा आणि पावणेसातला चोडणला पोचायचं तर पहाटे साडेपाचला निघा. खरं तर तेवढ्या एका दिवसासाठी कोणाची तरी चारचाकी मागा.

खाण्याचं थोडक्यात. निघण्याआधी पोटभर दूध नको, वळणांवर उलटी होते. अर्धी पोळी किंवा केळं, पोचल्यावर मग पोटभर: पोईत (गोव्याच्या पावात) सुकी बटाट्याची भाजी, उकडलेलं अंडं, चिकू. नारळाची चटणी नको, उन्हात दहापर्यंत आंबते. दोघांना मिळून दीड लिटर पाणी.

ओआरएस न्याल तर पाकिटावरचं वजन वाचा. २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटरला, ४.२ ग्रॅमचं २०० मिलीला. मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणं ही सर्रास होणारी चूक आहे, मीठ दुप्पट होतं आणि तहान वाढते. गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे.

समुद्रावरून परतताना अंगाखाली जुनी चादर टाका आणि ओली वाळू पुसू नका, घासून पुरळ उठतं. टाल्कम पावडर टाकली की वाळू सुकून आपोआप झडते. तोंडाजवळ मात्र पावडर उडवू नका.