११ ते ३० चे पाढे: पाठ करून घ्यायचे की मांडायला शिकवायचे?

चौथीतल्या मुलीची आई, प्रतापनगर
मुलीच्या शाळेतून वहीत लिहून आलंय: दिवाळीच्या सुट्टीत ११ ते ३० पाढे पाठ करा, शाळा उघडली की तोंडी परीक्षा. तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी पाढे सुरू आहेत. सतराचा पाढा ती एका दमात म्हणते. पण मधेच 'सतरा आठे किती?' विचारलं की ओठातल्या ओठात 'सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस' पासून सुरुवात करते, बोटं मोजत आठपर्यंत येते आणि मग उत्तर देते. मधलं एखादं घर सुटलं की सतरा नवेचं उत्तर आठेला चिकटवते. चुकलं हे तिचं तिला कळायला काही मार्गच नसतो, कारण ती आकडे नाही, ओळी म्हणत असते.

दहापर्यंतचे पाढे झोपेतून उठवून विचारले तरी आलेच पाहिजेत. त्यात सूट नको. पण अकराच्या पुढे पाठ करून घेण्यापेक्षा मांडायला शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. सतरा आठे म्हणजे दहा आठे ऐंशी आणि सात आठे छप्पन्न, झाले १३६. तेवीस साते म्हणजे १४० आणि २१, झाले १६१. एकोणतीस साते हवे असतील तर तीस साते २१० मधून सात काढा, २०३. हे ज्या मुलाला जमलं त्याला तीसवर थांबावं लागत नाही, ४७ विचारा की ८३. उलट ११ ते ३० घोकायचे म्हणजे दोनशे उत्तरं डोक्यात कोंबायची. आठ-नऊ वर्षांच्या पोरांची सुट्टी यात घालवणं मला पटत नाही.

निवृत्त गुरुजी, काटोल रोड
ताई, तुम्ही सांगता ती अडचण पाठांतराची नाही, अर्धवट पाठांतराची आहे. पाढा क्रमाने म्हणता आला की काम संपलं असं शाळाही समजते आणि घरचेही. खरं काम तिथून पुढे. आधी सरळ, मग उलटा, मग उलटसुलट, मग 'एकशे एकोणीस कुठे कुठे येतात?'

हा शेवटचा प्रश्न तुमच्या मांडणीतून सुटत नाही. सतरा साते मागितले तर ती ७० आणि ४९ करून ११९ सांगेल, मान्य. पण भागाकारात किंवा अपूर्णांकात ११९ समोर येतो तेव्हा त्यात सतरा दडलाय हे कोण सांगणार? ५१/६८ ला संक्षिप्त रूप द्या म्हटलं की सतराचा पाढा पाठ असलेला मुलगा सतरा त्रिक, सतरा चोक बघून लगेच ३/४ लिहितो. ज्याला पाढा नाही तो २ ने बघतो, ३ ने बघतो, ५ ने बघतो आणि 'भाग जात नाही' लिहून मोकळा होतो. ५७/९५ चं तेच, तिथे एकोणीस लपलेला आहे. ९१, ११९, १३३ या संख्यांना मूळ संख्या म्हणणारी आठवीची मुलं मी वर्षानुवर्षं बघितली. दहावीला कॅल्क्युलेटर मिळत नाही, आणि नवोदयच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात. तिथे मांडत बसणार कधी?

आठ ते दहा हे पाठांतराचं वय. ते निघून गेलं की परत येत नाही.

किराणा ठोक, इतवारी
गुरुजी, आमच्या घरी तीन पिढ्या दुकान आहे. वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीनचे पाढे, सगळं तोंडपाठ होतं. कारण व्यवहारच तसा होता. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण. १९५७ ला नवे पैसे आले, मागून किलो-ग्रॅम आले, अन् त्या पाढ्यांची रोजची गरज सुटत गेली. म्हणून पाढे कुठवर हे काही देवानं ठरवून दिलेलं नाही, बाजारानं ठरवलेलं आहे.

पण म्हणून सगळं टाकूनही नका देऊ. आज १८ टक्के जीएसटी आहे न? अडीचशेच्या मालावर किती? अठराची अडीचकी, पंचेचाळीस रुपये. दीडशेवर अठराची दिडकी, सत्तावीस. साडेतीनशेवर औटकी, त्रेसष्ट. माझा हिशोब मशीनच्या आधी होतो, बिलात चूक झाली तर तिथल्या तिथं पकडतो. आमच्याकडे नवीन लागलेली पोट्टी पदवीधर आहेत, पण दीड पाव शेंगदाण्याचे पैसे किती म्हटलं तर मोबाइल काढून राहिले. काहून? तोंडी हिशोबाची सवयच नाही. १२, १५, १६, १८, २५ एवढे पक्के करून घ्या. २३ अन् २७ नं कोणाचं काय अडते बाप्पा?

जि. प. शिक्षिका, रामटेक तालुका
इथे सगळे घरी पाढे म्हणून घेणाऱ्या आई-बाबांचा विचार करत आहेत. माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी गोंडी बोलतात, काहींच्या घरी हिंदी. त्यांची अडचण पाढ्याच्याही आधी सुरू होते. 'बावन्न' ऐकून २५ लिहिणारी, 'एकोणसत्तर' म्हणजे साठच्या घरातला की सत्तरच्या, यावर अडणारी मुलं मी रोज बघते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत जोडीला दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. पण ज्यांनी वर्गात शिकवलं त्यांना ती का आली हे समजलं होतं. अशा मुलाला 'सतरा आठे छत्तीसासे' पाठ करायला लावणं म्हणजे न कळणाऱ्या भाषेतला मंत्र देणं.

मी काय करते ते सांगते. चौकटीची वही घ्यायची. आडव्या सतरा चौकटी, उभ्या आठ, असा आयत आखायचा. दहाव्या चौकटीनंतर लाल पेनने वरपासून खालपर्यंत रेघ मारायची. डावीकडे दहा आठे, उजवीकडे सात आठे. मुलं आधी दोन्हीकडच्या चौकटी खरंच मोजतात, एक-एक करून. दोन-तीन आयतांनंतर मोजणं आपोआप बंद होतं. मग वही मिटून तोंडी विचारायचं. यात पाठ काय लागतं? २ ते ९ पर्यंतचे गुणाकार. सहा साते आणि सात सक एकच धरले तर ते फक्त ३६ उरतात. गुरुजी, माझ्याकडे पाचवीत येणाऱ्या किती तरी मुलांचे हे ३६ कच्चे असतात आणि त्यांच्या वहीत मात्र २९ चा पाढा सुवाच्य अक्षरात लिहिलेला असतो. बघून लिहिलेला.

निवृत्त गुरुजी, काटोल रोड
मॅडम, चौकटीची रीत छान आहे, मी शिक्षक असतो तर उद्याच वर्गात वापरली असती. पण तिच्यानंतर पाठांतर नको हे कशावरून? समजलं, आता मुखोद्गत करा. दोन्हीत भांडण लावायची गरज नाही. मुलगा तेवीसने भागाकार करतो तेव्हा प्रत्येक पायरीला आधी तोडायचं, मग जोडायचं, मग वजा करायचं. डोक्यात एका वेळी किती धरणार? तेवीस पंचे ११५ हे आयतं आलं की लक्ष भागाकारावर राहतं.

अभ्यासिकेतला, नंदनवन
स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. ३० पर्यंत पाढे आणि वर्ग आम्ही सगळेच पाठ करतो, आणि ते विशीतही होतात. वय निघून जातं हे काही खरं नाही गुरुजी.

त्याच्या पुढच्या संख्यांसाठी ही रीत बघा. ६७ चा पाढा हवा तर सहाचा आणि साताचा शेजारी लिहायचा. ६ आणि ७, म्हणजे ६७. १२ आणि १४, चौदातला एक हातचा बारात, १३४. १८ आणि २१, २०१. २४ आणि २८, २६८. असं खाली ६० आणि ७०, म्हणजे ६७० पर्यंत. कागदावर एका मिनिटात होतो.

चौथीतल्या मुलीची आई, प्रतापनगर
ही रीत मी आजच दाखवीन, पण हातचा डावीकडेच का जातो ते तिला आधी सांगायला हवं. सहा म्हणजे सहा दशक हे कळलं नाही तर ती १२१४ लिहून मोकळी होईल.

गुरुजी, ५१/६८ चा मुद्दा मला पटला. १३, १७, १९ उलटसुलट यावेत, कारण ते पटकन ओळखू येत नाहीत. पण १४, १६, १८, २२, २४ का पाठ करायचे? साताची दुप्पट चौदा. सात साते ४९, तर चौदा साते ९८. पाढा माहीत नसला तरी उत्तर हाताशी आहे. वर्गशिक्षिकांना मी चिठ्ठी लिहिते आहे: परीक्षेत पूर्ण पाढा म्हणायला लावू नका, कुठलेही दहा गुणाकार विचारा आणि उत्तर कसं काढलं ते सांगू द्या.

निवृत्त गुरुजी, काटोल रोड
चिठ्ठी जरूर लिहा. उलटसुलट विचारा हे मीही म्हणतो. पण दुप्पट करून काढलेल्या उत्तरालाही पाचच सेकंद द्या, असं त्यात घाला. आणि २३, २९ तेरा-सतराच्या यादीत टाका. १६१ आणि २०३ ला मूळ संख्या म्हणणारे मी कमी बघितलेले नाहीत.

जि. प. शिक्षिका, रामटेक तालुका
पाच सेकंद चौथीत नको. आधी महिनाभर घड्याळाशिवाय विचारा, नाहीतर कच्ची मुलं पुन्हा तोंड मिटून बसतील.